कामाच्या जागेतील रेडॉन : मोजमाप, मात्रा आणि जबाबदारी

रेडॉन हा जमिनीतून अखंड बाहेर पडणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचा अणुक्रमांक ८६. हवेपेक्षा तो सुमारे साडेसात पट जड आणि हेलियम-निऑनच्या अक्रिय कुळातला, त्यामुळे इतर द्रव्यांशी सहसा संयोग न पावणारा. खडकात आणि मातीत थोडेफार युरेनियम सर्वत्र असते. युरेनियम-२३८ च्या क्षयसाखळीत रेडियम-२२६ येते आणि रेडियमच्या क्षयातून रेडॉन-२२२ तयार होतो. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असल्यामुळे माणसाच्या कालमानात हा पुरवठा आटत नाही. थोरियमच्या साखळीतूनही रेडॉनचा एक समस्थानिक निघतो. त्याला थोरॉन म्हणतात आणि त्याचे अर्धायुष्य अवघे ५५.६ सेकंदांचे आहे.

रेडॉन-२२२ चे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे. तेवढ्या अवधीत तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून आणि खडकांच्या भेगांतून वाट काढत वर येऊ शकतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण घनमीटरमागे साधारण ५ ते १५ बेकरेल राहते. एक बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचा क्षय. मातीतल्या हवेत मात्र हेच प्रमाण हजारोंत असते. इमारतीतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असली की ती वरच्या फटींतून निघून जाते, खाली दाब किंचित घटतो आणि धुराड्याप्रमाणे सारी इमारत तळातून हवा ओढू लागते. हा दाबाचा फरक अवघ्या काही पास्कलांचा असतो. पण फरशीतल्या भेगा, भिंत आणि जमीन यांचे सांधे, पाण्याच्या नळांची व केबलींची छिद्रे यांतून मातीतली हवा आत यायला तेवढा पुरतो. बांधकामाचे साहित्य आणि विहिरीचे पाणी हे दुय्यम मार्ग आहेत. काही ठिकाणी तेच मुख्य ठरतात.

नैसर्गिक किरणोत्सारातून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. त्यातला जवळपास निम्मा वाटा रेडॉन, थोरॉन आणि त्यांच्या क्षयातून निर्माण होणाऱ्या द्रव्यांचा असतो. घरातल्या रेडॉनची चर्चा बरीच झाली आहे. कामाच्या जागेचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, कारण घरात खिडकी उघडायची की नाही, कोणत्या खोलीत बसायचे, हे माणूस स्वतः ठरवतो. कामगार मात्र नेमून दिलेल्या जागेत, नेमून दिलेले तास, दुसऱ्याने बसवलेल्या वायुवीजनात काढतो. म्हणून तिथला रेडॉन मोजणे आणि कमी करणे ही जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची जबाबदारी ठरते.

खाणींनी दिलेला धडा

रेडॉनच्या धोक्याचे ज्ञान प्रथम कामाच्या जागेतूनच आले, आणि त्याची किंमत खाणकामगारांनी मोजली. आजच्या जर्मनीतील श्नेबर्ग आणि चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह या धातूंच्या खाणींच्या प्रदेशात कामगार छातीच्या रोगाने अकाली मरत असल्याचे सोळाव्या शतकापासून माहीत होते. याखिमोव्ह येथे वैद्यकी केलेल्या आग्रिकोला यांनी १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथात खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या रोगांची नोंद केली आणि खाणीत हवा खेळवणाऱ्या यंत्रांचे वर्णनही दिले. १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या कामगारांचा हा रोग म्हणजे फुप्फुसातील घातक गाठ असल्याचे दाखवून दिले. त्या वेळी किरणोत्साराचा शोधही लागलेला नव्हता.

१८९९-१९०० च्या सुमारास रदरफर्ड आणि ओवेन्स यांना थोरियमपासून, तर डोर्न यांना रेडियमपासून किरणोत्सारी वायू निघत असल्याचे आढळले. १९२० च्या दशकात श्नेबर्गच्या खाणींतील हवेत रेडॉन मोजला गेला आणि रोगाशी त्याचा संबंध जोडला जाऊ लागला. तरीही एक कोडे उरले होते. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन वायू बहुतांशी तसाच बाहेर येतो. मग फुप्फुसाला एवढी मात्रा मिळते कशी? १९५१ मध्ये अमेरिकेतील विल्यम बेल यांनी त्याचे उत्तर दिले : मात्रेचा मुख्य भाग रेडॉनच्या क्षयातून तयार होणाऱ्या घन द्रव्यांकडून मिळतो. कामाच्या जागेतील पुढच्या सगळ्या मोजमापाचा पाया या उत्तरावर उभा आहे.

उत्तर मिळाल्यावरही उपाय लगेच झाला नाही. अमेरिकेच्या कोलोरॅडो पठारावरील युरेनियम खाणींत नावाहो आदिवासींसह हजारो कामगार अपुऱ्या वायुवीजनात राबत होते. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० पासून त्यांचा अभ्यास सुरू केला, पण केंद्रीय पातळीवरची सक्त मर्यादा १९७१ मध्येच अमलात आली. बाधित कामगारांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला. पूर्व जर्मनीतील विस्मुट कंपनीच्या खाणींतील सुमारे ५९,००० कामगारांच्या नोंदी आज या विषयातील सर्वांत मोठ्या अभ्याससमूहांपैकी एक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. हा निर्णय प्रामुख्याने खाणकामगारांच्या आकडेवारीवर आधारलेला होता.

शरीरात काय घडते

रेडॉनच्या अणूचा क्षय झाला की पोलोनियम-२१८ तयार होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३ मिनिटे. त्यामागून शिसे-२१४ (सुमारे २७ मिनिटे), बिस्मथ-२१४ (सुमारे २० मिनिटे) आणि क्षणार्धात फुटणारे पोलोनियम-२१४ येते. यानंतरच्या शिसे-२१० चे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे असल्याने साखळी तिथे मंदावते. ही सर्व घन धातुरूप द्रव्ये आहेत. हवेतील धूळ, धूर आणि बाष्पाच्या सूक्ष्म कणांना ती चिकटतात, काही अंश मोकळा राहतो, आणि श्वासाबरोबर आत गेल्यावर ती श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात. शरीराने त्यांना बाहेर काढण्याआधीच त्यांचा क्षय होतो. पोलोनियमच्या दोन समस्थानिकांतून निघणारे अल्फा कण ऊतीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही अंतर कापत नाहीत. त्यांची सारी ऊर्जा त्या पातळ अस्तरातील पेशींतच खर्च होते. कागदाच्या कपट्याने अडणारा हा कण त्वचेबाहेर निरुपद्रवी आणि श्वासनलिकेत घातक ठरतो, तो यामुळेच.

धोक्याचे प्रमाण दोन वाटांनी ठरवले गेले. पहिली खाणकामगारांची : अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या समितीने १९९९ च्या अहवालात अकरा खाणसमूहांतील साठ हजारांहून अधिक कामगारांची माहिती एकत्र केली. दुसरी वाट घरांची. सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये युरोपातील १३ अभ्यासांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७,१४८ रुग्ण आणि १४,२०८ निरोगी व्यक्ती यांची तुलना प्रसिद्ध केली. मोजमापातील अनिश्चिततेची दुरुस्ती केल्यावर, रेडॉनच्या प्रमाणात दर १०० बेकरेलची वाढ झाली की कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यातून निघाले. जिच्याखाली धोका शून्य होतो अशी सुरक्षित सीमा दिसली नाही.

याच अभ्यासाने तंबाखूचा परिणाम स्पष्ट केला. आयुष्यभर धूम्रपान न केलेल्या व्यक्तीला ७५ वर्षे वयापर्यंत फुप्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता रेडॉन नसताना सुमारे ०.४ टक्के आणि ४०० बेकरेलच्या हवेत सुमारे ०.७ टक्के येते. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी हेच आकडे सुमारे १० आणि १६ टक्के आहेत. म्हणजे रेडॉन दोघांचाही धोका वाढवतो, पण मुळात मोठा असलेला धोका तो प्रत्यक्षात कितीतरी जास्त वाढवतो. तेव्हा कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदी पाळणे हाही रेडॉनविरोधी उपायच आहे. मात्र कामगार धूम्रपान करतो म्हणून मालकाची जबाबदारी कमी होत नाही. अनेक देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे तंबाखूनंतरचे दुसरे मोठे कारण रेडॉन हेच मानले जाते.

कोणत्या जागा तपासायच्या

जमिनीशी संपर्क, कोंडलेली हवा आणि माणसाचे तास या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे रेडॉनचा प्रश्न उभा राहू शकतो. युरेनियमच्या खाणी हे त्याचे उघड उदाहरण; पण कोळसा, मँगनीज, फ्लुओराइट किंवा कथिलाच्या भूमिगत खाणींतही रेडॉन साचतो. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या फ्लुओराइट खाणींत पाण्याबरोबर आलेल्या रेडॉनने कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. तिथे धातुक युरेनियमचे नव्हते.

पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या चुनखडीच्या गुहांत प्रमाण काही हजार बेकरेलपर्यंत जाते. स्लोव्हेनियातील पोस्तोयना ही त्यांतली बरीच अभ्यासली गेलेली गुहा. पर्यटक तास-दीड तासाने निघून जातो, वाटाड्या मात्र वर्षानुवर्षे तिथेच काम करतो. गुहेत ऋतुचक्रही उलटे चालते : हिवाळ्यात बाहेरची थंड हवा आत शिरून गुहा धुऊन काढते आणि उन्हाळ्यात हवा स्थिरावून रेडॉन वाढतो. बोगदे, भुयारी विद्युतगृहे आणि उष्ण पाण्याची आरोग्यस्थाने याच वर्गात येतात.

पाणीपुरवठ्याची केंद्रे सहज नजरेआड होतात. खोल विहिरींच्या पाण्यात विरघळलेला रेडॉन पाणी हवेशी घुसळताना, फवारताना किंवा टाकीत पडताना मुक्त होतो. पंपघर आणि गाळणगृह बंदिस्त असले तर आजूबाजूची जमीन अगदी साधी असूनही आतले प्रमाण फार वाढू शकते. म्हणून जर्मनीच्या कायद्यात भूजल हाताळणारी केंद्रे, भूमिगत खाणी, गुहा आणि रेडॉन-स्नानगृहे यांना देशात कुठेही मोजणी सक्तीची आहे.

उरतात त्या रोजच्या जागा : शाळा, बँकांची तळघरातील तिजोरीघरे, रुग्णालयांचे तळमजले, अभिलेखागारे, गोदामे, तळघरातील छापखाने आणि स्वयंपाकघरे. यांतील बहुतेक ठिकाणी प्रमाण कमीच निघते. मात्र शेजारच्या इमारतीचा आकडा इथे कामाचा नसतो. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत दहापट फरक असू शकतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुविद्युत केंद्राच्या बांधकामावरील अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे केंद्राचे किरणोत्सार-सूचक वाजू लागले. शोध घेतल्यावर दूषितता त्यांच्या घरातून येत असल्याचे निघाले. त्या घरात रेडॉनचे प्रमाण घनमीटरमागे सुमारे एक लाख बेकरेल होते. इतका वायू असलेल्या घरात राहूनही तो कुणाला जाणवला नव्हता. मोजल्याशिवाय रेडॉन कळत नाही, हे या घटनेने ठसठशीतपणे दाखवले.

दोन प्रकारची एकके

रेडॉनचे मोजमाप दोन पातळ्यांवर होते. पहिली पातळी वायूची : घनमीटरमागे किती बेकरेल. अमेरिकेत लिटरमागे पिकोक्युरी हे जुने एकक अजून चालते. १ पिकोक्युरी प्रतिलिटर म्हणजे ३७ बेकरेल प्रतिघनमीटर. दुसरी पातळी क्षयजन्य द्रव्यांची. खाणींत यासाठी ‘वर्किंग लेव्हल’ हे एकक रूढ झाले. एका लिटर हवेतील अल्पायुषी क्षयजन्य द्रव्यांकडून एकूण १.३ लाख दशलक्ष-इलेक्ट्रॉनव्होल्ट अल्फा-ऊर्जा बाहेर पडू शकत असेल, तर ती हवा एक वर्किंग लेव्हलची. अशा हवेत १७० तास, म्हणजे साधारण महिनाभराचे काम, केले की ‘वर्किंग लेव्हल महिना’ हे संपर्काचे एक एकक भरते.

या दोन पातळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे समतोल-गुणक. रेडॉन आणि त्याची क्षयजन्य द्रव्ये पूर्ण समतोलात असतील तर हा गुणक १ असतो आणि ३,७०० बेकरेल रेडॉन म्हणजे एक वर्किंग लेव्हल होते. प्रत्यक्षात वायुवीजन आणि भिंतींवर बसणे यांमुळे क्षयजन्य द्रव्ये हवेतून कमी होतात. घरे आणि कचेऱ्या यांसाठी ०.४ हा गुणक साधारणतः धरला जातो. जोरदार वायुवीजनाच्या खाणीत तो ०.२ च्या आसपास येतो. वायूचा आकडा तोच असूनही फुप्फुसाला मिळणारी मात्रा दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते. म्हणूनच खाणी व गुहांसारख्या जागांत केवळ वायू मोजून भागत नाही.

मोजण्याची साधने

कामाच्या जागेत सर्वाधिक वापरले जाणारे साधन अगदी साधे आहे : प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ठेवलेला सीआर-३९ चा तुकडा. चष्म्याच्या भिंगांसाठीही हेच प्लॅस्टिक वापरतात. डबीत शिरलेल्या रेडॉनचे अल्फा कण त्यावर आदळून सूक्ष्म इजा करतात. तीन महिन्यांनी डबी प्रयोगशाळेत जाते, प्लॅस्टिक गरम सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवले जाते, इजा खड्ड्यांच्या रूपाने सूक्ष्मदर्शकात दिसू लागतात आणि त्या मोजल्या जातात. सेल्युलोज नायट्रेटची एलआर-११५ ही फिल्मही याच तत्त्वावर चालते. या साधनांना वीज लागत नाही, आवाज होत नाही, खर्च थोडा येतो आणि दीर्घ काळाची सरासरी थेट मिळते.

इलेक्ट्रेट आयनीभवन कक्षात विद्युतभार धारण करणाऱ्या टेफ्लॉनच्या चकतीवरील विभव किती घटला यावरून रेडॉन काढतात. कोळशाच्या डबीत सक्रियित कोळसा काही दिवस रेडॉन शोषून घेतो आणि नंतर त्यातील गॅमा किरण मोजले जातात. ही पद्धत स्वस्त आणि जलद आहे, पण ती केवळ दोन ते सात दिवसांचे चित्र देते आणि आर्द्रतेने बिघडते. झिंक सल्फाइडचा लेप दिलेल्या लुकास कक्षात हवा भरून अल्फा कणांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या चमका मोजता येतात. खाणीत क्षणिक नमुन्यासाठी हे साधन उपयोगी पडते. क्षयजन्य द्रव्ये मोजण्यासाठी ठरावीक हवा गाळणकागदातून ओढून त्यावरची अल्फा-सक्रियता मोजतात. कुझनेत्झ यांनी १९५६ मध्ये सुचवलेली पद्धत खाणींत दीर्घकाळ वापरली गेली आहे.

आयनीभवन कक्ष किंवा अर्धवाहक संवेदक असलेली अखंड नोंद करणारी यंत्रे तासातासाचा आकडा देतात. ती महाग आहेत. पण रेडॉन केव्हा वाढतो, हे कळण्याला त्यांच्याशिवाय मार्ग नाही. थोरॉन असलेल्या जागेत आणखी काळजी लागते, कारण डबीत शिरलेला थोरॉन रेडॉन म्हणून मोजला जाऊ शकतो. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी दोन कप्प्यांचे, सूचिछिद्रांचे मात्रामापक विकसित केले. हवा गाळणकागदातून पहिल्या कप्प्यात येते आणि बारीक छिद्रांतून हळूहळू दुसऱ्यात झिरपते. अल्पायुषी थोरॉन वाटेतच संपतो आणि दुसऱ्या कप्प्यातील फिल्मवर फक्त रेडॉनची नोंद उरते. याच केंद्राच्या थेट संवेदकांत फिल्मवर ठरावीक जाडीचे मायलार आवरण असते. थोरॉनच्या साखळीतील ८.७८ दशलक्ष-इलेक्ट्रॉनव्होल्टचा अल्फा कणच पार होऊ शकेल अशी जाडी निवडली की थोरॉनची क्षयजन्य द्रव्ये वेगळी मोजता येतात.

मोजणीची आखणी

रेडॉनचे प्रमाण एकाच खोलीत दिवसभरात अनेकपट बदलते. हवेचा दाब, वारा, पाऊस, तापमान आणि दारांची उघडझाप या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेणे चुकीचे असते. बहुतेक देश किमान दोन ते तीन महिन्यांची, शक्यतो थंडीतली, मोजणी मागतात. फिनलंडमध्ये ती शरद ऋतू ते वसंत ऋतू या काळात करतात, तर जर्मनीत बारा महिन्यांची मोजणी हा नियम आहे. इमारती वर्षभर वातानुकूलित असतील किंवा पावसाळ्यात ओली माती रेडॉनची बाहेरची वाट अडवत असेल, तर थंडीचाच हंगाम सर्वांत वाईट असेल असे गृहीत धरता येत नाही. अशा प्रदेशात वर्षभराची मोजणीच खरी.

डबी कामगार जिथे श्वास घेतो तिथे, म्हणजे जमिनीपासून साधारण एक ते दोन मीटर उंचीवर ठेवावी. खिडकी, पंखा, वातानुकूलन यंत्राचा झोत, थेट ऊन आणि बंद कपाट टाळावे. भिंतीला अगदी चिकटून ठेवल्यास थोरॉनचा परिणाम वाढतो. तळघरातील आणि तळमजल्यावरील नियमित वापराची प्रत्येक खोली धरावी, कारण शेजारच्या दोन खोल्यांत फरशीच्या एका भेगेमुळे मोठे अंतर पडू शकते. काही डब्या जोडीने ठेवाव्यात आणि काही न उघडता परत पाठवाव्यात. त्यावरून प्रयोगशाळेची अचूकता आणि वाहतुकीत पडलेली भर तपासता येते. मोजणीच्या काळात कामाची नेहमीची रीत बदलू नये. तपासणीपुरती दारे उघडी ठेवून मिळवलेला कमी आकडा कामगाराचे रक्षण करत नाही.

कामाच्या जागेचा खास प्रश्न रात्रीचा आहे. कचेरीतील वायुवीजन संध्याकाळी बंद होते, रात्रभर आणि सुटीच्या दिवशी रेडॉन साचतो, सकाळी यंत्रे सुरू झाल्यावर उतरतो. डबी चोवीस तासांची सरासरी दाखवते. दीर्घ मोजणीत आकडा वर गेला तर अखंड नोंद करणारे यंत्र एक-दोन आठवडे ठेवून कामाच्या तासांतले प्रमाण वेगळे काढणे हा पुढचा टप्पा. उलटही घडू शकते : हवा केवळ बाहेर फेकणारे पंखे दिवसा खोलीतला दाब घटवून मातीतली हवा अधिक ओढतात आणि प्रमाण कामाच्या वेळेतच वाढते. सफाई कर्मचारी आणि रात्रपाळीचे रखवालदार यंत्रे बंद असतानाच आत असतात. त्यांचा संपर्क दिवसपाळीच्या सरासरीत लपवला जाऊ नये.

आकड्यापासून मात्रेपर्यंत

संपर्क म्हणजे प्रमाण गुणिले तास. घनमीटरमागे ३०० बेकरेल असलेल्या कचेरीत वर्षाचे २,००० तास काढणाऱ्याचा संपर्क ६ लाख बेकरेल-तास होतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाच्या २०१७ च्या गुणकानुसार, आणि समतोल-गुणक ०.४ धरून, ही मात्रा वर्षाला सुमारे ४ मिलिसीव्हर्ट होते. जास्त अंगमेहनतीच्या बंदिस्त कामासाठी आणि पर्यटन-गुहांसाठी आयोगाने दुप्पट गुणक सुचवला आहे : मेहनत करणारा माणूस अधिक हवा ओढतो, आणि गुहेच्या स्वच्छ हवेत न चिकटलेली द्रव्ये अधिक असल्याने ती श्वासनलिकांत अधिक बसतात. ३,००० बेकरेलच्या गुहेत वर्षाला ६०० तास काढणाऱ्या वाटाड्याची मात्रा या हिशेबाने सुमारे २४ मिलिसीव्हर्टवर पोहोचते. अणुउद्योगातील कामगारासाठी ठरवलेल्या २० मिलिसीव्हर्ट या वार्षिक सरासरी मर्यादेच्याही ती पुढे जाते.

हे गुणक स्थिर राहिलेले नाहीत. खाणींतील आणि घरांतील नवी आकडेवारी आल्यावर आयोगाने २०१० मध्ये धोक्याचा अंदाज १९९३ च्या मानाने सुमारे दुप्पट केला. म्हणून नोंदवहीत केवळ मिलिसीव्हर्ट न लिहिता मूळ प्रमाण आणि तासही लिहून ठेवणे आवश्यक आहे. गुणक बदलला तरी कामगाराच्या पूर्वीच्या संपर्काचा हिशेब पुन्हा करता येतो.

नियम

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० बेकरेलची संदर्भ पातळी सुचवली आणि ती शक्य नसेल तिथेही ३०० ओलांडू नये असे सांगितले. कामाच्या जागांसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकांत १,००० बेकरेलची कमाल संदर्भ पातळी आहे. युरोपीय संघाच्या डिसेंबर २०१३ च्या निर्देशाने ती ३०० वर आणली आणि सदस्य देशांना ६ फेब्रुवारी २०१८ पर्यंत कायदे करायला सांगितले. ३०० च्या वर आकडा गेला तर तो कमी करण्याचे प्रयत्न करायचे. तरीही मात्रा वर्षाला ६ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त होण्याची शक्यता राहिली, तर त्या कामाला किरणोत्सारी कामाचेच नियम लागू करायचे, अशी त्याची दोन पायऱ्यांची रचना आहे.

ब्रिटनच्या २०१७ च्या नियमांतही ३०० बेकरेलची वार्षिक सरासरी हीच सीमा आहे. तिथे रेडॉनबाधित प्रदेशांतील तळमजल्यांची आणि आठवड्याला सरासरी तासाभराहून अधिक वापर असलेल्या तळघरांची तपासणी मालकाकडून अपेक्षित आहे. तळघरांच्या बाबतीत प्रदेश बाधित आहे की नाही हे पाहिले जात नाही. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेचा १४८ बेकरेलचा आकडा घरे आणि शाळांसाठी सल्ला म्हणून आहे, कायदा म्हणून नाही.

संदर्भ पातळी म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित यांच्यामधली भिंत नव्हे. २९० आणि ३१० यांत आरोग्याच्या दृष्टीने फरक नाही. कृती कुठून सुरू करायची हे ती सांगते. तिच्याखालीही सहज शक्य असेल तेवढे प्रमाण घटवणे अपेक्षित असते.

भारतातील स्थिती

भारतात या विषयाचे सर्वांत जुने क्षेत्र झारखंडमधील जादुगुडा हे आहे. तिथली युरेनियमची भूमिगत खाण १९६७ मध्ये सुरू झाली. धातुकातले युरेनियमचे प्रमाण कमी आहे आणि खाणीत यांत्रिक वायुवीजन असते. हवेतील रेडॉन व कामगारांच्या मात्रेवर तिथे नियमित देखरेख ठेवली जाते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट अशी आहे. केरळच्या चवरा आणि तमिळनाडूच्या मनवलकुरिची येथील मोनाझाइटयुक्त वाळूत थोरियम असल्याने तिथे थोरॉनचा विचार आधी करावा लागतो. थोरॉन स्वतः दूर जात नाही, पण त्याच्या साखळीतील शिसे-२१२ चे अर्धायुष्य १०.६ तासांचे असल्याने ते सगळ्या कारखान्यात पसरू शकते.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे आणि बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते. त्यामुळे मुंबई-पुणे पट्ट्यात जमिनीतून येणारा रेडॉन सामान्यतः कमी असणे अपेक्षित आहे. पूर्व विदर्भातील आणि दक्षिण कोकणातील प्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडकांच्या प्रदेशांना मात्र हे लागू होत नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजच्या आणि चंद्रपूर परिसरातील कोळशाच्या भूमिगत खाणींत, भूजलावरील पाणीपुरवठा केंद्रांत आणि शहरांतल्या वाढत्या बंदिस्त तळघरांत खडकाच्या नावावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. मोजण्याचे साधन देशातच, मुंबईत, तयार झालेले आहे. ते सामान्य कामाच्या जागांपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.

उपाय आणि पुनर्मोजणी

आकडा जास्त निघाला तर उपाय बहुधा आवाक्यातला असतो. सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे फरशीखाली छोटा खड्डा करून त्यातून नळ छताबाहेर काढणे आणि पंख्याने फरशीखालचा दाब खोलीपेक्षा कमी ठेवणे; मातीतली हवा मग खोलीत न येता नळातून बाहेर जाते. चांगल्या बसवलेल्या यंत्रणेने रेडॉन निम्म्यापासून ९९ टक्क्यांपर्यंत घटतो. भेगा आणि नळांची छिद्रे बुजवणे हा पूरक उपाय आहे, एकट्याने तो क्वचितच पुरतो. बाहेरची ताजी हवा आत ढकलून खोलीचा दाब किंचित वाढवणे, वायुवीजन कामाच्या दोन-तीन तास आधी सुरू करणे, पाणी-केंद्रांत हवा घुसळण्याचा भाग बंदिस्त करून त्याची हवा थेट बाहेर सोडणे, हे जागेनुसार निवडायचे मार्ग आहेत. खाणीत ताज्या हवेचा प्रवाह थेट कामाच्या तोंडापर्यंत नेऊन जुनी हवा तिथे रेंगाळू न देणे महत्त्वाचे असते, कारण हवा जितकी जुनी तितकी क्षयजन्य द्रव्ये अधिक. गुहेत मात्र यांत्रिक वायुवीजनाने आर्द्रता बिघडून खुद्द गुहेचीच हानी होऊ शकते. तिथे वाटाड्यांच्या पाळ्या आखून तास कमी करणे आणि प्रत्येकाला व्यक्तिगत मात्रामापक देणे हाच मार्ग उरतो.

कोणताही उपाय पुन्हा मोजल्याशिवाय पूर्ण होत नाही. पंखा बंद पडतो, फरशीला नवी भेग जाते, दुरुस्तीत जुने छिद्र पुन्हा उघडते, कचेरीची मांडणी बदलून लोक दुसऱ्या खोलीत बसू लागतात. म्हणून यंत्रणा बसवल्यावर लगेच, इमारतीत प्रत्येक मोठा बदल झाल्यावर आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी मोजणी करावी. मोजणीचे निकाल कामगारांना कळवावेत आणि ते त्यांच्या नोकरीनंतरही जपून ठेवावेत. रेडॉनजन्य कर्करोग दिसायला अनेक वर्षे, कधी दशके लागतात. तेव्हा त्या माणसाच्या हाती पुरावा म्हणून ही नोंदच असते.